दीड दिवसाचं रॉकेल

लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगलोरला आले, तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. हे एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मल्लेश्वरममध्ये आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी यांचा ड्रॉइंग बोर्ड, आणि घराच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली एक जुनी इंग्रजी मोटार. बोर्डाचा मला अभिमान होता. मोटारीचा राग होता.

अभिमान अशासाठी, की यांचं अक्षर फार सुरेख होतं. यंत्रांच्या चित्रांखाली जो मजकूर आणि मापं लिहितात, ती हे अशी लिहीत की छापल्यासारखी दिसत. मोठ्या साहेबांकडे जायच्या चित्रांवरचं लिखाण मुद्दाम यांच्याकडे येई. आणि मोटारीचा राग अशासाठी, की यांचे सगळे रविवार तिच्याखाली जात. मी नवीन, भाषा येत नाही, ओळखीचं माणूस नाही. आठवडाभर मी रविवारची वाट बघायची आणि रविवारी मला दिसायचे ते यांचे पाय.

मोटार मागच्या उजव्या बाजूला कललेली होती. मोटारीच्या मागच्या चाकांपाशी पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असते. गॅरेजवाले तिला पाटा म्हणतात. गाडीचं वजन आणि रस्त्याचे धक्के तोच सोसतो. आमच्या मोटारीच्या उजव्या पाट्याची मुख्य पट्टी मोडली होती. यांनी कलासिपाळ्यमच्या बाजारातून नवा पाटा घडवून आणला. गोणपाटात गुंडाळलेला तो पाटा स्वयंपाकघराच्या दाराशी दोन महिने पडून होता, कारण जुना निघेना. तो आसाला जखडून ठेवणारे चार नट खालच्या अंगाला होते आणि ते इतके गंजले होते की नट कुठे संपतो आणि बोल्ट कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

आमच्या शेजारी अण्णा राहत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूर मुलखात स्थायिक झालेलं. घरात मराठी बोलत, पण ती आमच्या कानाला वेगळीच लागे, अर्धी कानडी. अण्णा एका बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते, आता निवृत्त झाले होते. आजूबाजूची कुठलीही स्कूटर, सायकल, मोटार बिघडली की माणसं अण्णांच्या फाटकाशी यायची. अण्णा पाना हातात घेऊन निघायचे, आणि त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना अक्का म्हणत, मागून ओरडायच्या, "आधी जेवून जा!" मला पहिल्या दिवसापासून अण्णा 'तंगी' म्हणू लागले. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

एका शुक्रवारी संध्याकाळी अण्णा मोटारीखाली बॅटरी घेऊन वाकले आणि नट बघून म्हणाले, "याला जबरदस्ती नको. कोपरे झिजतील, मग पाना कशाला धरणार?"

"गॅसची ज्योत दाखवली तर?" यांनी विचारलं.

"वर पेट्रोलची टाकी आहे, दिसत नाही? आणि ज्योत पाट्याला लागली की पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. हा जुना जाऊ दे, पण सवय वाईट." मग ते माझ्याकडे बघून हसले. "सीमेएण्णे आहे ना घरात? रॉकेल? त्यात तेवढंच इंजिनचं तेल मिसळायचं. तारेच्या ब्रशने गंज घासायचा, तेल सोडायचं, हातोडीने हलके दहा टोले मारायचे. सकाळी आणि संध्याकाळी. आठ दिवस. तेल आत शिरायला वेळ लागतो, स्वल्प धीर धरायचा."

हे दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या कामासाठी आठ दिवस हैदराबादला जाणार होते. त्यांनी लांब चोचीचा तेलाचा डबा भरला, ब्रश आणि हातोडी चटईवर मांडून ठेवली आणि मला खाली वाकून एकेक नट दाखवला.

"जमेल ना तुला?"

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं. मला बरंही वाटलं. त्या मोटारीच्या कामात त्यांनी मला पहिल्यांदाच घेतलं होतं.

हे गेले त्या सकाळी मी पदर खोचून चटईवर आडवी झाले. घासलं, तेल सोडलं, दहा टोले मोजून मारले. गंजाची पूड डोळ्यात गेली. संध्याकाळी पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारीखालून बाहेर येत होते, केस सुटलेले, हात काळे, पातळाला लाल माती लागलेली, आणि समोरच्या घरातल्या दोघी जावा गच्चीवर उभ्या होत्या. त्या एकमेकींना काहीतरी म्हणाल्या. मला त्यातला एकच शब्द कळला: ड्रायव्हर. मग त्या हसल्या.

आता वाटतं, त्या कदाचित वाईट बोलल्याही नसतील. पण मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि इंटर पास होते, आणि माझ्या माहेरी बायका अशा जमिनीवर लोळत नव्हत्या. मी घरात गेले, हात राखेने घासले. संध्याकाळी मोटारीकडे गेलेच नाही. म्हटलं, उद्या दोनदाऐवजी तीनदा करू.

उद्या पाऊस होता. परवा वाचनालयातून आणलेली कादंबरी अर्धी राहिली होती. त्यानंतर मला स्वतःशी काही कारणही द्यावं लागलं नाही. सगळं मिळून मी दीड दिवस तेल घातलं.

हे परत यायच्या दिवशी दुपारी, समोरच्या गच्चीवर कोणी नाही असं बघून, मी मोटारीखाली गेले आणि डब्यातलं सगळं तेल चारही नटांवर ओतलं. टोले मारले नाहीत, आवाज झाला असता. नट काळे, ओले, चमकदार दिसू लागले. डबा रिकामा झाला. आठ दिवसांत व्हायला हवा होता तसाच.

हे आल्यावर हातपाय न धुताच आधी तिकडे गेले. नटावर बोट फिरवलं, वास घेतला.

"दोन्ही वेळा घातलंस?"

"हो, दोन्ही वेळा."

"शाब्बास!" ते म्हणाले, आणि मी हसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच यांनी मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढवला, चाक काढलं आणि पान्याच्या दांड्यात एक लांब लोखंडी नळी घातली, जोर लावायला. अण्णाही आले आणि माझ्या हातची कॉफी घेत ओट्यावर टेकले. पहिला नट हलेना.

"किती दिवस भिजवलं?" अण्णांनी विचारलं.

"आठ दिवस. हिने रोज दोन वेळा घातलंय."

अण्णांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "मग निघायला पाहिजे. आठ दिवस तेल प्यायलेला नट निघतोच. आधी स्वल्प घट्ट कर, मग उलटा फिरव. सरी, ठीक. आता लाव जोर!"

मी दारात उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. 'अहो, थांबा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, कारणं नंतर शोधता आली असती. मी काय केलं, तर अण्णांच्या हातातला कॉफीचा रिकामा पेला घेतला आणि आत वळले.

मागे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला आणि मग यांचा आवाज. नटाचे कोपरे गेले होते, पाना सटकला होता, आणि सगळ्या जोरासकट यांचा उजवा हात मोडक्या पट्टीच्या धारेवर जाऊन आपटला होता. मी आले तेव्हा अण्णा खांद्यावरचा पंचा त्यांच्या हाताभोवती आवळत होते आणि तो लाल होत चालला होता. अण्णांनीच टांगा आणला आणि दवाखान्यात नेलं. मी टांग्यात समोर बसले होते. हे पांढरेफटक पडले होते, तरी मला म्हणाले, "घाबरू नकोस. हात आहे ना जागेवर."

हात जागेवर राहिला. पण तर्जनी आणि मधलं बोट वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या. दोन महिन्यांनी बँडेज निघालं तेव्हा ती दोन बोटं अर्धीच मिटत होती. हे रोज कोमट पाण्यात हात बुडवून बसत आणि मग बोर्डापाशी जाऊन पेन धरायचा प्रयत्न करत. रेघ यायची. पण अक्षर आलं नाही. कधी एखादा शब्द बरा उमटे, पुढचा कलंडून जाई. कारखान्यात त्यांना समजून घेतलं, चित्रं जपून ठेवायच्या विभागात बदली दिली. दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांवर क्रमांक टाकून ती खणात ठेवायची. घरी ते त्याबद्दल काही बोलत नसत. एक दिवस मी बाजारातून आले तर खिडकीशी बोर्ड नव्हता. तो त्यांनी कॉटखाली सरकवून ठेवला होता.

यांचा हात बँडेजमध्ये असतानाच मी पुन्हा मोटारीखाली जायला लागले होते. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी, संध्याकाळी, ब्रश, रॉकेल आणि तेल, दहा टोले. समोरच्या जावा गच्चीवर येत. मी त्यांच्याकडे बघतही नसे. यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी करते आहे. ते खिडकीतून म्हणत, "अगं, राहू दे आता ते." मी आठच्या जागी दहा दिवस केलं.

मग अण्णांना बोलावलं. अण्णा यायला तयार नव्हते. अपघातापासून ते आमच्या फाटकातून आत आले की थेट यांच्या कॉटशी जात, मोटारीकडे बघत नसत. मी फारच आग्रह केला तेव्हा आले. कोपरे गेलेल्या नटावर त्यांनी छिन्नी लावली, हातोडीचा एक बेताचा टोला दिला, आणि नट फिरला. उरलेले तीन तर पान्यानेच निघाले. नळी लावावी लागली नाही. अण्णांनी शेवटचे दोन चिमटीत धरून, बाटलीचं झाकण काढावं तसे फिरवून काढले.

नट तळहातावर घेऊन ते उलटसुलट करून बघू लागले.

"त्या दिवशी काय झालं होतं याला?" ते म्हणाले.

मी चटई गुंडाळत होते. मी ती तशीच गुंडाळत राहिले.

"माझंच चुकलं, तंगी. पाना बरोबर बसलाय का ते मी वाकून बघायला पाहिजे होतं. ओट्यावर बसून जोर लाव म्हणालो. चाळीस वर्षं काम केलं, आणि बसून जोर लाव म्हणालो."

तेव्हाही मी बोलले नाही. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, मला मान्य आहे.

नवा पाटा बसला, मोटार सरळ उभी राहिली. आम्ही तिच्यातून जवळच्या येलहंकाला, नंदीच्या डोंगरावर गेलो. अण्णांना आणि अक्कांना प्रत्येक वेळी बोलावलं. अक्का यायच्या. अण्णा काहीतरी निमित्त काढायचे. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की अण्णांच्या फाटकाशी आता कोणी येत नाही. आलं तरी अण्णा आतूनच सांगत, "माझी नजर गेली रे, दुसरीकडे ने." त्यांची नजर चांगली होती. वर्तमानपत्र ते चष्म्याशिवाय वाचत. सकाळी ते ओट्यावर बसलेले मला भिंतीपलीकडून दिसत, मोकळे हात मांडीवर ठेवून. मी रोज कपडे वाळत घालताना ते बघत होते. सहा वर्षं बघत होते.

पासष्टच्या सुमारास यांना कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. सामान बांधायला घेतलं त्या दुपारी मी म्हटलं, "अण्णा-अक्कांना एकदा जेवायला बोलावू या."

हे पेटीला दोरी आवळत होते, डाव्या हाताने. म्हणाले, "अक्कांना बोलाव."

"आणि अण्णा?"

"ते कुठे येतात?" मग, मान वर न करता, "खरं सांगू? आले नाहीत तर मला बरंच वाटतं. त्यांनी तेव्हा घाई केली नसती तर. मी शिकाऊ होतो, ते जाणते होते. मी कधी बोललो नाही, पण मनातून जात नाही."

मला वाटत होतं की यांनी कोणालाच दोष दिला नाही. मी त्याच आधारावर सहा वर्षं काढली होती. नशिबाचा भाग म्हणून ते विसरले असतील, मग मी कशाला उकरून काढू. आणि हे इतकी वर्षं भिंतीपलीकडच्या त्या म्हाताऱ्या माणसावर मनातल्या मनात राग धरून होते.

"अण्णांची चूक नव्हती," मी म्हटलं.

"मग कोणाची?"

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, हातात पितळेचे डबे होते. गच्चीवरच्या जावांपासून रिकाम्या केलेल्या तेलाच्या डब्यापर्यंत सगळं. ते दोरी हातात धरून ऐकत होते.

"किती दिवस घातलं होतंस?"

"दीड."

"आणि टोले?"

"तीनदा. शेवटच्या दिवशी नाही मारले."

त्यांनी दोरीची गाठ पूर्ण केली. सावकाश, कारण त्या बोटांनी गाठ लवकर होत नसे. मग म्हणाले, "तेल घातलं नाहीस, ते समजू शकतो. तू लहान होतीस. पण मी शाब्बास म्हटलं तेव्हा तू हसलीस." आणि चपला घालून बाहेर गेले. दिवेलागणीला परत आले. दारातच म्हणाले, "अण्णांना तू सांगायचंस. मी येणार नाही. हे तुझं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. अक्का देवळात गेल्या होत्या. अण्णा ओट्यावर होते. मी पायरीवर बसले आणि सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून. अण्णांनी मध्ये एकही शब्द विचारला नाही. मी रडत होते, त्यांनी मला थांब असंही म्हटलं नाही.

संपल्यावर ते म्हणाले, "नट माझ्या हातात होता तेव्हा मी तुला विचारलं होतं."

"हो, अण्णा."

"सहा वर्षं मी पाना धरला नाही. तू रोज बघत होतीस."

"हो."

पुढे ते काही बोलतील म्हणून मी थांबले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "सरी. जा आता. सामान बांधायचं असेल." त्यात तंगी नव्हतं.

वसाहतीत आल्यावर हे माझ्याशी कामापुरतं बोलत. ते कित्येक महिने चाललं. मग मुलगी झाली, तिच्या निमित्ताने बोलणं वाढलं आणि होता होता आमचं घर इतर घरांसारखं झालं. यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. पण एक केलं. दर महिन्याला एक रविवार ते एकटेच बसने मल्लेश्वरमला जाऊ लागले, अण्णांकडे. दोघं काय बोलत ते मला कधी सांगितलं नाही. मी विचारायची, "कसे आहेत अण्णा?" ते म्हणायचे, "बरे आहेत." मी सोबत येते असं म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

पुढे एका पावसाळ्यात अण्णा गेले. थोड्या दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. हे लगेच गेले. मी चार दिवसांनी गेले. अक्का जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारची चटई पुढे ओढली. त्यांची सून कॉफी ठेवून गेली. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग अक्का म्हणाल्या, "तुझ्या यजमानांचा फार जीव होता यांच्यावर. दर महिन्याला यायचे. मी यांना म्हणायची, बघा, त्यांच्या मनात काही नाही, तुम्हीच उगाच त्या बोटांचं मनाला लावून घेतलं."

"मग अण्णा काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? माझंच चुकलं, म्हणायचे. शेवटपर्यंत तेच. ताप चढला होता तेव्हासुद्धा."

अण्णांनी अक्कांनाही सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी मी त्या पायरीवर बसून सगळं ओतलं, त्या दिवशी अक्का देवळातून परत आल्या असतील, त्यांनी विचारलं असेल, शेजारची का आली होती, आणि अण्णांनी काहीतरी दुसरंच सांगितलं असेल. आणि पुढची सगळी वर्षं, माझी चूक माहीत असून, स्वतःच्या बायकोसमोर ती आपल्या अंगावर ठेवून घेतली.

मला वाचवायला? की माझं नाव घ्यायचीही त्यांना इच्छा नव्हती? मला आजही ठरवता येत नाही. यांना विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं.

तिथून गप्प उठून येणं सोपं होतं. अक्कांना काहीच संशय नव्हता, त्या मला मायेने पुन्हा पुन्हा कॉफी घे म्हणत होत्या. मी पेला खाली ठेवला.

"अक्का," मी म्हटलं, "अण्णांचं काही चुकलं नव्हतं. ऐका माझं."

आणि मी तिसऱ्यांदा सांगायला सुरुवात केली. अक्का भिंतीचा टेका सोडून सरळ बसल्या. स्वयंपाकघरातून सून काहीतरी विचारायला आली, तिला त्यांनी हातानेच परत पाठवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या नजरेला नजर देऊन शेवटपर्यंत बोलले. या वेळी रडले नाही.